करवतीची धार आणि तंत्राची निवड

विकसनशील देशाने श्रमप्रधान तंत्र स्वीकारावे की भांडवलप्रधान, हा प्रश्न भारतीय नियोजनाइतकाच जुना आहे. १९५५ च्या कर्वे समितीने ग्रामोद्योगांच्या संदर्भात त्याचा विचार केला, तर डॉ. अमर्त्य सेन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची सैद्धान्तिक मांडणी केली. हा प्रश्न केवळ गिरण्या आणि पोलाद कारखान्यांपुरता मात्र नाही. केरळातील रबराच्या मळ्यात झाडे तोडणाऱ्या कारागिरापुढेही तो उभा असतो. साखळी करवतीचे दाते कानशीने घासावेत, की बाजारात मिळणारा स्वस्त विजेचा ग्राइंडर घ्यावा?

रबराचे झाड साधारणतः पंचवीस-तीस वर्षे चीक देते. त्यानंतर ते तोडून नवी लागवड करतात आणि लाकूड फर्निचर, प्लायवूड व खोक्यांसाठी जाते. तोडणीचे काम बहुधा स्वतःची करवत बाळगणारे कारागीर करतात. करवत बोथट झाली की लाकडाच्या चिपांऐवजी भुसा पडू लागतो, इंधन अधिक जळते, हातांना हादरे बसतात आणि कारागीर करवतीवर जोर देऊ लागतो. अपघाताची शक्यता वाढते ती अशाच वेळी. म्हणून धार लावणे हा उत्पादनखर्चाचाच एक भाग मानला पाहिजे.

आता हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपल्या भागातील दर घालून पाहावेत. कारागिराच्या वेळेचे मूल्य मिनिटाला २ रुपये धरू. छत्तीस दात्यांची साखळी कानशीने घासण्यास १५ मिनिटे, म्हणजे ३० रुपये लागतात. २०० रुपयांची कानस दहा वेळा पुरली, तर तिचे २० रुपये. एकूण ५० रुपये. ग्राइंडरवर साखळी उतरवणे व बसवणे धरून १० मिनिटांचे २० रुपये आणि चाकाच्या झिजेचे ५, असे २५ रुपये. प्रत्येक वेळी २५ रुपयांची बचत झाली, तर ४,००० रुपयांचा ग्राइंडर १६० वेळांत वसूल होतो. विक्रेत्याचा हिशेब येथेच संपतो.

परंतु साखळी हेही भांडवलच आहे. कानस दात्याचा जेमतेम पापुद्रा काढते. ग्राइंडर, विशेषतः नवख्या हातात, अधिक धातू खातो. १,२०० रुपयांची साखळी कानशीवर वीस वेळा आणि ग्राइंडरवर बारा वेळा धार घेते असे मानल्यास, दर वेळी अनुक्रमे ६० व १०० रुपयांची साखळी झिजते. २५ रुपये वाचवून ४० रुपये गमावले, तर यंत्राची किंमत कधीच वसूल होणार नाही.

त्यात स्वस्तपणाचे दोष वेगळेच. हलक्या यंत्राच्या बिजागरीत व साखळी धरणाऱ्या पकडीत ढिलेपणा असतो; त्यामुळे डाव्या व उजव्या दात्यांची लांबी सारखी राहत नाही आणि काप एका बाजूला वळतो. चाक एका जागी क्षणभर अधिक टेकले तर दाता निळा पडतो, म्हणजे पोलादाला दिलेले पाणी उतरते. असा दाता कुठे मऊ पडतो, तर कुठे काचेसारखा ठिसूळ होतो आणि त्यावर पुढे कानसही चालत नाही. शिवाय मळ्यात वीज नसते. कानस खिशात मावते. इंधन भरताना दोन-तीन हात मारले की काम पुढे सुरू.

मग ग्राइंडर निरुपयोगी आहे काय? तसे नाही. झाडात रुतलेल्या खिळ्यावर किंवा कुंपणाच्या तारेवर करवत आपटली की सर्व दाते सर्वांत खराब दात्याच्या लांबीइतके मागे न्यावे लागतात. धातू दोन्ही पद्धतींत सारखाच जातो. येथे कानशीला ४० मिनिटांचे ८० रुपये आणि झिजेचे आणखी ८० लागले, तर ग्राइंडरवर हेच काम सुमारे ४० रुपयांत होते. बचत १२० रुपये; म्हणजे अशा ३४ साखळ्यांत यंत्र वसूल. एका कारागिराला महिन्यातून एकदा असा प्रसंग आला तर जवळपास तीन वर्षे लागतील आणि तोवर स्वस्त यंत्र टिकेल की नाही, याची मला शंका आहे. दहा कारागिरांनी मिळून यंत्र वापरले, तर साडेतीन महिने पुरतील.

याचाच अर्थ निवड कानस की ग्राइंडर एवढीच नाही; मालकी वैयक्तिक की सामायिक, हा तिचा दुसरा पैलू आहे. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात २०१४-१५ पासून अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांची कल्पना रुजली, ती येथेही लागू पडते. रबर मंडळाच्या प्रोत्साहनाने उभ्या राहिलेल्या उत्पादक संस्था केरळात गावोगावी आहेत. एखाद्या संस्थेने थोडा महाग पण भक्कम ग्राइंडर घेऊन एका प्रशिक्षित व्यक्तीकडे सोपवला, तर नेहमीची धार कानशीवर आणि खराब साखळी केंद्रावर, अशी विभागणी सहज होईल. सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरातील रबर बागांनाही ती उपयुक्त ठरेल.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार व लोहार आहेत; झाडे तोडणारा कारागीर मात्र नाही. त्याला सामायिक केंद्राचा मार्ग अधिक जवळचा आहे, आणि कानशीचा कोन व दात्यापुढील उंचवट्याची उंची राखण्याचे एका दिवसाचे प्रशिक्षण तेथेच देता येईल.