जुन्या ट्रॅक्टरचा गियर : दोषाची पारख व क्लचची जुळणी

ऐन पेरणीच्या दिवसांत अथवा ऊस वाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टरचा गियर खरखरू लागला, म्हणजे गियरपेटीच बिघडली असा पुष्कळांचा समज होतो. गियरपेटी किंवा क्लच उघडावयाचा म्हणजे बहुतेक ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावे लागतात. त्यात कामाचे दिवस मोडतात व खर्चही मोठा होतो. वस्तुतः अनेक वेळा दोष पेटीत नसून क्लचच्या पेडलाच्या जुळणीत असतो व तो दोन पान्यांनी दूर करता येतो. यासाठी दुरुस्तीपूर्वी दोषाची पारख करणे अगत्याचे आहे.

क्लचचे कार्य

इंजिनाची शक्ती गियरपेटीकडे नेणे अथवा तोडणे हे क्लचचे काम होय. पेडल वर असते तेव्हा क्लच प्लेट ही फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट दाबलेली असते. पेडल दाबताच ती मोकळी होते व पेटीतील चक्रे थांबू लागतात. जुन्या ट्रॅक्टरांत चक्रांची गती आपोआप जुळविण्याची सोय बहुधा नसते. म्हणून ट्रॅक्टर थांबवून, पेडल पूर्ण दाबून, चार-पाच सेकंद थांबूनच गियर टाकावा.

दोष कसा ओळखावा

१. *गियर खरखरतो किंवा पडत नाही.* वरीलप्रमाणे थांबूनही खरखर झाल्यास इंजिन बंद करावे व पुन्हा गियर टाकून पाहावा. दात समोरासमोर आल्यास ट्रॅक्टर किंचित ढकलावा. इंजिन बंद असता गियर सहज पडत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. इंजिन बंद असतानाही गियर अडत असेल, तर दांडी, फोर्क अथवा पेटीच्या आतील भाग तपासून घ्यावेत.

२. *इंजिन वेग घेते, पण ट्रॅक्टर ओढत नाही.* क्लच घसरत असल्याचे हे चिन्ह होय. जळका वासही येतो. खात्रीसाठी सपाट, मोकळ्या जागी दोन्ही ब्रेक दाबून धरावेत, वरचा गियर टाकावा व पेडल हळूहळू सोडावे. इंजिन बंद पडल्यास क्लच धरतो. चालूच राहिल्यास घसरतो. ही परीक्षा क्षणभरच करावी व त्या वेळी ट्रॅक्टरच्या पुढेमागे कोणी उभे राहू नये.

३. *आवाज येतो.* इंजिन मंद चालू व न्यूट्रलमध्ये असता येणारा आवाज पेडल दाबल्यावर थांबल्यास गियरपेटीचे बेअरिंग झिजले असण्याचा संभव असतो. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाल्यास क्लचच्या रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा.

४. *चालता चालता गियर सुटतो.* दांडी जागी धरणारी स्प्रिंग दुबळी होणे, फोर्क झिजणे किंवा दातांच्या कडा गोल होणे ही याची कारणे होत. असा ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसह उतारावर कधीही नेऊ नये. गियर सुटताच इंजिनाचा रोध नाहीसा होतो व सारा भार ब्रेकांवर येतो. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतात. येथे प्रश्न केवळ यंत्राचा नसून चालकाच्या प्राणाचा आहे.

पेडलाची मोकळी चाल

पेडल हाताने दाबले असता विरोध लागेपर्यंत ते जितके खाली जाते, तिला मोकळी चाल म्हणतात. पुष्कळ ट्रॅक्टरांत ती २० ते ३० मिलिमीटर असते. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा माहितीपुस्तिकेत पाहावा. चाल वाजवीपेक्षा अधिक असल्यास क्लच पूर्ण सुटत नाही व गियर खरखरतो. चाल अजिबात नसल्यास क्लच घसरतो व बेअरिंग अकारण झिजते. प्लेटचे अस्तर झिजत जाते तसतशी चाल कमी होते, म्हणून ती वेळोवेळी मोजावी.

जुळणी करताना इंजिन बंद करावे, हातब्रेक लावावा व चाकांना उटी द्यावी. फूटपट्टी पेडलाशेजारी उभी धरून चाल मोजावी. नंतर पेडलाच्या सळईवरील चेकनट सैल करून पिन काढावी व सळईचे टोक अर्धा फेरा फिरवावे. पिन बसवून पुन्हा मोजावे. योग्य माप येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. शेवटी नवी कॉटर पिन घालावी व चेकनट आवळावा. पिनांची भोके झिजून लांबट झाली असल्यास त्या प्रथम बदलाव्यात. अन्यथा जुळणी टिकत नाही. दुहेरी क्लचच्या आतील बोटांची जुळणी मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावी.

तेल व निगा

गियरपेटीचे तेल ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून व इंजिन बंद ठेवून पाहावे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. भातखाचरात चिखलणी झाल्यावर ही तपासणी अवश्य करावी. तेल बदलताना बुचाला बारीक कीस लागलेला आढळणे स्वाभाविक आहे. दातांचे तुकडे आढळल्यास मात्र ट्रॅक्टर चालवू नये.

पावसाळ्यात ट्रॅक्टर बराच काळ उभा राहावयाचा असल्यास पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवावे, म्हणजे प्लेट गंजून चिकटत नाही. गाडी चालविताना पेडलावर पाय टेकवून बसू नये. क्लच उघडल्यावर आतील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसांस अपायकारक आहे.

चाल नीट जुळवूनही क्लच घसरत असेल किंवा सुटत नसेल, तर मात्र तो उघडणे भाग आहे. हे काम हंगाम संपताच करून घ्यावे. ग्रामसेवकांनी गावातील ट्रॅक्टरधारकांस एकत्र बोलावून मोकळी चाल मोजण्याचे प्रात्यक्षिक पेरणीपूर्वी दाखविल्यास अनेकांचा वेळ व पैसा वाचेल.