चि. निखिलला

सातारा



मंगलचा मुलगा तिकडे जॉर्जियात असतो. त्याने सांगितलं ते खरं का? तुझ्या रूमवरचा मुलगा बाबांच्या कर्जावरून लागट बोलला आणि तू त्याच्या तोंडावर मारलंस. वर मित्रांनी तुला खांद्यावर घेतलं म्हणे! मारलंस त्यापेक्षा मला या खांद्यावर घेण्याची धास्ती जास्त वाटते.

कोलंबियातल्या तुझ्याच विद्यापीठात, ते साउथ कॅरोलिना कॉलेज होतं तेव्हा, प्रेस्टन ब्रूक्स शिकला. पोलिसांवर पिस्तुलं रोखली म्हणून पदवीच्या तोंडावर त्याला काढून टाकलं. तरी पुढे तो वकील झाला, राज्याच्या विधिमंडळात बसला, मेक्सिकोच्या लढाईत कॅप्टन होता आणि 1853 मध्ये वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात गेला. मे 1856 मध्ये सिनेटर चार्ल्स समनरने गुलामगिरीवर भाषण करताना ब्रूक्सचे नातलग अँड्र्यू बटलर यांची टर उडवली. बटलर सभागृहात हजरही नव्हते. ब्रूक्स दोन दिवस धुमसला आणि 22 मेला सिनेटच्या दालनात, मेजाशी लिहीत बसलेल्या समनरला त्याने हातातली काठी मोडेपर्यंत बडवलं. अब्रू हे निमित्त. पोटात दुखत होतं ते गुलामांवरच्या मालकीसाठी. तुझा राग तसला नव्हे, ते मला कळतं.

पण पुढे काय झालं पाहा. दक्षिणेतून त्याला नव्या काठ्या भेट आल्या. कोर्टाने 300 डॉलर दंडावर सोडलं. त्याने राजीनामा दिला, तर मतदारांनी पुन्हा त्यालाच निवडून पाठवलं. एवढी वाहवा झाल्यावर कोण थांबून विचार करतो? जानेवारी 1857 मध्ये तो घशाच्या आजाराने गेला, अवघ्या 37व्या वर्षी. वकिली, कप्तानी कुणाला आठवते? समनरला मात्र सिनेटमध्ये पुन्हा कामाला लागायला तीनेक वर्षं गेली.

तुला उचलून घेणारी पोरं उद्या कॉलेजने चौकशीला बोलावलं, व्हिसावर आलं, तर कुठे असतील? आणि त्या मुलाला किती लागलंय, हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं का? तू तरी विचारलंस का?

खरं सांगू? कर्ज थकलं त्या वर्षी लोक भाऊजींना दारात येऊन बोलायचे, तेव्हा मी ओट्यावर मान खाली घालून बसायचो. तुझी आई आतून ऐकत असायची. एक शब्द बोललो असतो तर! ते अजून सलतं. म्हणून बातमी ऐकली तेव्हा क्षणभर बरंही वाटलं मला. हे तिला सांगू नकोस.

तिला अजून काही कळलेलं नाही. मंगलला मी गप्प केलंय, पण तूच फोन कर. भाऊजींचं शेवटचं कर्ज दिवाळीआधी फिटलं, हेही तुला कुणी कळवलं नसेल. तुझा हात सुजलाय का? डॉक्टरांना दाखव, तिकडच्या बिलाला घाबरून अंगावर काढू नकोस. मी पैसे पाठवतो.

तुझा
मामा