धोकादायक मालाचे टँकर आणि रस्त्यावरील तपासणी

कोलकात्याच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक या उपनगराचे अधिकृत नाव बिधाननगर. १९६० च्या दशकात हुगळी नदीतील गाळ खाऱ्या पाणथळीत भरून ही भूमी तयार करण्यात आली. भरावातून वाचलेली पाणथळ त्यापलीकडे आजही पसरलेली असून सुमारे १२,५०० हेक्टरचे हे क्षेत्र २००२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. शहराचे सांडपाणी येथील 'भेरी' नावाच्या तलावांत ऊन आणि शेवाळ यांच्या साह्याने निवळते व त्यावर मासळी पोसली जाते. याच पाणथळीतून बासंती महामार्ग बानतला येथील चर्मोद्योग संकुलाकडे जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार टांगरा, तिलजला व टोपसिया या वस्त्यांतील कातडी कमावण्याचे कारखाने या संकुलात हलविण्याचे ठरले. या उद्योगास गंधकाम्ल, सोडियम सल्फाइड, क्रोमियमचे क्षार अशी रसायने लागतात.

कारखाने वस्तीतून हलले, परंतु त्यांना लागणाऱ्या रसायनांची वाहने आता भेरींच्या कडेने जातात. आम्लाच्या एका टँकरच्या भाड्यात डिझेल, चालकाचा पगार, टायरची झीज हे सारे मोजलेले असते. टँकर उलटल्यास मरणारी मासळी व मच्छीमाराचा बुडणारा हंगाम मात्र त्यात नसतो. अर्थशास्त्रात यास बाह्य खर्च म्हणतात. ज्याचा व्यवहाराशी संबंध नाही, त्याच्यावर हा भार पडतो; म्हणून शासनाचा हस्तक्षेप येथे समर्थनीय ठरतो. प्रश्न आहे तो हस्तक्षेप कोठे आणि कसा करावा, याचा.

आपल्याकडे या विषयाचा मुख्य आधार म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातील नियम १२९ ते १३७ धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयी आहेत. स्फोटके, वायू, ज्वलनशील द्रव, ज्वलनशील घन, ऑक्सिडीकारक, विषारी, किरणोत्सर्गी, संक्षारक व इतर असे मालाचे नऊ वर्ग मानले जातात. माल पाठविणारा, वाहतूकदार आणि चालक या तिघांच्या जबाबदाऱ्या अनुक्रमे नियम १३१, १३२ व १३३ मध्ये सांगितल्या आहेत. नियम ९ अन्वये अशा वाहनाच्या चालकास एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणे आवश्यक असून त्याने तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. परीक्षेच्या दृष्टीने नियम १३४ विशेष महत्त्वाचा आहे. वाहनाच्या दोन्ही बाजूंस व मागे आपत्कालीन माहितीचा फलक असला पाहिजे, आणि त्यावर मालाचे शास्त्रीय नाव, संयुक्त राष्ट्रसंघाचा क्रमांक, वर्गचिन्ह, आपत्कालीन सेवेचा व माल पाठविणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे, असे हा नियम सांगतो.

रस्त्यावरील तपासणीत टँकरचे जे उल्लंघन सहज दिसू शकते, ते बहुतांशी याच स्वरूपाचे असते. फलक नाही, फलक चिखलाने माखलेला आहे, टाकीत एक द्रव आणि फलकावर मागच्या खेपेतील दुसऱ्याच द्रवाचे नाव आहे, चालकाजवळ लेखी सुरक्षा सूचना नाहीत. वरवर पाहता ही कागदोपत्री चूक वाटते व किरकोळ दंडावर सुटते. वास्तविक फलक हा माहितीची विषमता दूर करणारा एकमेव उपाय आहे. टाकीत काय आहे हे भरणाऱ्यास ठाऊक असते; अपघातस्थळी प्रथम पोहोचणाऱ्या हवालदारास वा अग्निशामकास नसते. क्रमांक १२०३ म्हणजे पेट्रोल. त्यावर फेस मारावा लागतो. क्रमांक १८३० म्हणजे गंधकाम्ल. त्या तीव्र आम्लावर पाण्याचा फवारा पडला तर प्रचंड उष्णता निर्माण होऊन ते उसळते. टाक्या बाहेरून सारख्याच दिसतात. चुकीचा फलक हा कोऱ्या फलकाहून अधिक घातक, असे माझे मत आहे. कोरा फलक निदान सावध तरी करतो.

दंडाचे अर्थशास्त्रही पाहू. गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडले की, नियम मोडणारा दंडाची रक्कम आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार पाहतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० (३) अन्वये अशा उल्लंघनास पूर्वी पहिल्या वेळी तीन हजार रुपयांपर्यंत दंड वा एक वर्षापर्यंत कारावास अशी शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने दंड दहा हजार व पुढील गुन्ह्यास वीस हजार रुपये केला. समजा, शंभर खेपांत एकदाच तपासणी होते. मग दहा हजारांचा दंड प्रत्येक खेपेस शंभर रुपयांचा ठरतो. शंभर रुपयांसाठी कोणता वाहतूकदार फलक बदलीत बसेल? यावर दंड आणखी वाढवा, असे सुचविले जाते. परंतु आपल्याकडील ट्रकमालकांत एक-दोन गाड्यांचे मालक बहुसंख्य आहेत. त्यांना न पेलणारा दंड वसूल होत नाही, आणि तडजोडीचा मोह मात्र दोन्ही बाजूंना वाढतो.

शिवाय सर्वांत गंभीर उल्लंघन रस्त्यावर डोळ्यांनी दिसतच नाही. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनमधील लोस अल्फाकेस या समुद्रकाठच्या तंबूनिवासाजवळ प्रोपिलीनचा टँकर फुटला व दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे १९ टनांच्या मर्यादेच्या त्या टाकीत २३ टनांहून अधिक माल भरलेला होता. द्रवरूप वायू तापल्यावर प्रसरण पावतो. त्यासाठी टाकीत मोकळी जागा ठेवावी लागते. ती न ठेवल्यास टाकीवर असह्य दाब येतो. हे उल्लंघन तेलशुद्धीकरण कारखान्याच्या फाटकाच्या आत घडले होते. वजनकाट्याशिवाय ते वाटेत कोण ओळखणार?

२० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांकरोटा येथे स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर वळण घेत असताना ट्रक धडकला, टँकरचे तोंड तुटले व पसरलेल्या वायूने पेट घेतला. सुमारे वीस जणांचे प्राण गेले. १३ जून २०२३ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ टँकर पेटून चौघांचा मृत्यू झाला. अशा घटनांनंतर नाकाबंदी कडक होते, काही आठवड्यांनी शिथिल होते. टँकर घाटात किंवा वस्तीत अडवून ठेवणे हाही एक धोकाच आहे, हे अशा वेळी विसरले जाते.

म्हणून तपासणीचा भर माल भरण्याच्या फाटकावर असावा, असे मला वाटते. फाटके थोडी आहेत, रस्ते असंख्य आहेत. तपासणीचा प्रत्येक रुपया फाटकावर अधिक फळ देतो. माल पाठविणारी कंपनी आर्थिकदृष्ट्याही दंड पेलू शकणारी असते, आणि नियम १३१ ने वाहन व चालक यांची खातरजमा तिच्यावर टाकलेलीच आहे. मात्र चालान फाडले जाते ते चालकाचे. दाबाखालील वायूच्या टाक्यांना मान्यता देणारी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना नागपुरात, वाहनाचा परवाना परिवहन विभागाकडे, नाकाबंदी पोलिसांकडे, आणि बंगालमध्ये पाण्याची काळजी सॉल्ट लेकच्या 'परिवेश भवना'तील प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, अशी ही विभागणी आहे.

युरोपीय संघाच्या १९९५ च्या निर्देशातून रस्त्यावरील तपासणीसाठी समान तपासणीसूची आली आणि पुढे उल्लंघनांच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत वाहन जागीच थांबविण्याचा विचार होतो. तिसऱ्या श्रेणीतील किरकोळ त्रुटी नंतर कंपनीकडे दुरुस्त करून घेता येते. आपल्याकडेही अशी प्रतवारी झाल्यास गळका व्हॉल्व्ह आणि पुसट अक्षरे यांना एकच मोजपट्टी लागणार नाही. तोवर निरीक्षकाच्या हाती एक साधी कसोटी आहे. नियम १३६ प्रमाणे अपघाताची खबर चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यास द्यावयाची असते. परंतु अपघातात पहिला बळी अनेकदा चालकाचाच जातो. मग उरतो तो फलकावरील दूरध्वनी क्रमांक. तो लागतो की नाही, आणि पलीकडे रसायनाची माहिती असलेला माणूस बोलतो की नाही, हे टँकर उभा असतानाच पाहता येते.