डिझाइन : कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने?

बारावीची परीक्षा आटोपून निकालाची वाट पाहण्याचे दिवस आले, म्हणजे सल्ला घ्यावयास येणाऱ्या पालकांचे प्रश्न एकाच साच्यातून काढल्यासारखे होऊ लागतात, आणि अलीकडे त्या प्रश्नांत परदेशी डिझाइनच्या पदवीने ठाण मांडले आहे. मुलाला इंजिनिअरिंगची गोडी नाही, मुलीला वैद्यकाचा तिटकारा आहे, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ‘ए’ श्रेणी मिळाली होती, आणि सोसायटीतल्या अमक्यांचे चिरंजीव न्यूयॉर्कला की मिलानला डिझाइन शिकावयास गेले आहेत. तेव्हा आपणही राहते घर तारण ठेवून कर्ज उचलावे काय, कोणत्या एजंटामार्फत अर्ज करावा, आणि, हा शेवटचा प्रश्न आवाज जरा उतरवून विचारला जातो, पॅकेज साधारण किती मिळते? ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चाललेला असतो तो मुलगा खुर्चीच्या कडेवर बसून मोबाइल चाळत असतो. त्याला कोणी काही विचारलेले नसते.

या मामल्यात माझे मत मी आडपडदा न ठेवता आरंभीच सांगतो. अठराव्या वर्षी, पहिल्या पदवीसाठी, घर गहाण टाकून मुलाला परदेशी डिझाइन शिकावयास पाठवू नये. अमेरिकेतील नामांकित खाजगी कला-विद्यालयांचे निव्वळ शिकवणी शुल्क वर्षाला पन्नास हजार डॉलरांच्या वर गेलेले आहे, म्हणजे राहण्याजेवण्याचा खर्च हिशेबात न धरताही चार वर्षांचा आकडा दीड कोटी रुपये ओलांडतो. आणि पदवीनंतर त्या देशात काम करण्याची जी मुभा परकी विद्यार्थ्याला मिळते, ती विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मान्य यादीतील पदवीधरास तीन वर्षांपर्यंत वाढवून घेता येत असली, तरी त्या यादीत न बसणाऱ्या कलाशाखेच्या पदवीधराची मुदत एका वर्षातच संपते. हा हिशेब एजंट सांगत नाही, कारण त्याचे कमिशन प्रवेशावर ठरलेले असते, नोकरीवर नव्हे. पोर्टफोलिओ करून देणाऱ्या शिकवण्यांविषयी तर न बोललेलेच बरे. तेथे एकाच बॅचमधील वीस मुलांचे पोर्टफोलिओ इतके सारखे निघतात की निवड-समितीला वर्गातला शिक्षक ओळखता यावा, विद्यार्थी मात्र एकही ओळखता येऊ नये.

देशातील रूढ वाटा येथे विस्ताराने सांगत बसण्याचे कारण नाही. १८५७ पासून चालत आलेले मुंबईचे सर जे. जे., १९६१ साली स्थापन झालेली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था म्हणजे एनआयडी, १९६९ पासून पवईच्या आयआयटीत असलेले आयडीसी आणि त्यांच्या प्रवेशपरीक्षा यांची माहितीपत्रके सर्वत्र उपलब्ध आहेत. जागा थोड्या, स्पर्धा तीव्र, आणि शिक्षण जगातल्या कोणत्याही चांगल्या संस्थेच्या तोडीचे. ज्यांना मोबाइलच्या पडद्यावरील बटणे आखावयाची आहेत, त्यांनी ती खुशाल आखावीत. त्या धंद्याला आज बरकत आहे आणि त्याची शिफारस करणारे पुष्कळ आहेत. मला बोलावयाचे आहे ते ज्या वाटेची शिफारस कोणीच करीत नाही तिच्याविषयी : ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्यासाठी डिझाइन करण्याविषयी, आणि हाताने घडवीत शिकण्याची जी विद्या तिच्या अध्यापनाविषयी. परदेशी जाऊन शिकण्याजोगे काही असेल, तर माझ्या मते ते प्रामुख्याने या दोन क्षेत्रांत आहे.

व्हिक्टर पापानेक हे नाव डिझाइनच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावयास हवे. १९२३ साली व्हिएन्नात जन्मलेला, नाझींच्या आक्रमणानंतर निर्वासित म्हणून अमेरिकेला पोहोचलेला हा इसम तेथे डिझायनर आणि अध्यापक झाला, आणि त्याने १९७१ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या ‘डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड’ या ग्रंथात आपल्याच व्यवसायावर असा खटला भरला की समव्यावसायिक कित्येक वर्षे त्याच्यावर दात धरून राहिले. त्याची गाजलेली कृती म्हणजे इंडोनेशियासाठी योजलेला रेडिओ. फळांच्या रसाचा रिकामा डबा, त्यात मेण आणि वात, त्या ज्योतीच्या उष्णतेवर निर्माण होणारी किंचितशी वीज, एकच ट्रान्झिस्टर, आणि जेथे मुळात एकच केंद्र ऐकू येते तेथे कशाला हवी म्हणून गाळलेली केंद्र बदलण्याची कळ. खर्च नऊ सेंटांच्या आसपास. जर्मनीतील उल्म येथील विख्यात विद्यालयात त्याने हा डबा दाखविला, तेव्हा त्याच्या ओबडधोबडपणाला विटून अध्यापक सभेतून उठून गेले, असे पापानेकने स्वतःच लिहून ठेवले आहे. डबा रंगवावयाचा नाही, हा मात्र त्याचा बुद्धिपुरस्सर निर्णय होता : ज्याचा रेडिओ, त्याने तो आपल्या रुचीप्रमाणे सजवावा. इंडोनेशियातील लोकांनी त्यावर रंगीत कागद, शिंपले आणि नक्षी चढविली.

पापानेकवरील टीकाही विद्यार्थ्याने वाचावी, कारण ती निराधार नाही. गुई बोन्सीपे या जर्मन डिझायनरने, ज्याने लॅटिन अमेरिकेत प्रत्यक्ष राहून काम केले, पापानेकच्या विचारांची कठोर झडती घेतली. श्रीमंत देशातल्या प्रयोगशाळेत बसून दरिद्री देशातल्या माणसाची गरज परस्पर ठरविणे, ही परोपकाराच्या वेषातली अरेरावीच ठरू शकते. आणि हा दोष पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित स्टुडिओत बसून मेळघाटासाठी वस्तू योजणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

या आक्षेपाला तोंडी नव्हे, तर कृतीने उत्तर देणारे उदाहरण अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यात आहे. ऑबर्न विद्यापीठातील सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोन वास्तुशास्त्राच्या अध्यापकांनी १९९३ साली ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला, तो विद्यापीठाच्या आवारात नव्हे; विद्यार्थ्यांना उचलून त्यांनी हेल काउंटी या अत्यंत गरीब, कापसाच्या जुन्या मुलखात नेऊन बसविले. तेथेच राहावयाचे, ज्याचे घर बांधावयाचे त्याच्या ओसरीवर जाऊन बसावयाचे, नकाशा काढावयाचा आणि मग खोरे-थापी हाती घेऊन तो नकाशा स्वतःच उभा करावयाचा, असा तेथील शिरस्ता. त्यांच्या आरंभीच्या घरांपैकी एक, मोडक्या झोपडीत नातवंडांसह दिवस कंठणाऱ्या एका वृद्ध दांपत्यासाठी बांधलेले आहे : भिंती गवताच्या पेंढ्यांच्या आणि वरून गिलावा केलेल्या, त्यामुळे हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा, पुढे पाहुण्यांना बसावयास ऐसपैस पडवी, आणि मागे नातवंडांसाठी एक पलंग व एक मेज मावेल एवढ्या कमानदार खोल्या, कारण त्या आजी-आजोबांची मागणीच तेवढी होती. पुढे २००० साली मेसन्स बेंड या वस्तीत सामुदायिक सभागृह बांधताना विद्यार्थ्यांनी शिकागोच्या भंगारातून शेव्हरोले मोटारींच्या ऐंशी काचा एकशेवीस डॉलरांत आणल्या आणि माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसवून त्यांचे छत केले. मॉकबी २००१ साली निवर्तला. काम थांबले नाही. पदवी हातात पडल्यावरही हाती घेतलेले बांधकाम पुरे करण्यासाठी विनावेतन मागे राहणारे विद्यार्थी तेथे आजही भेटतात.

मला याहून महत्त्वाचे वाटते ते २००५ पासून चाललेले ‘ट्वेंटी-के हाउस’चे काम. वृद्धापकाळाच्या तुटपुंज्या सरकारी वेतनावर जगणाऱ्या माणसाला दरमहा फेडता येईल एवढ्याच कर्जात, म्हणजे वीस हजार डॉलरांत, बांधून होणारे सुबक घर योजावयाचे, असा तो संकल्प. वर्षामागून वर्षे नवे विद्यार्थी त्याच घराचा मसुदा सुधारीत गेले. घरे उत्तम वठली, आणि तेव्हा ध्यानात आले की खरी अडचण घरात नाही. इतके लहान कर्ज देण्यात सावकारी संस्थांना रस नाही, बांधकामाचे नियम आणि विमा मोठ्या घरांच्या मापाने बेतलेले आहेत. म्हणून आता त्यांचे काम नकाशांइतकेच कर्ज, विमा आणि वीजबिल यांच्या कागदपत्रांवर चालते. डिझाइन म्हणजे केवळ आकार देणे नव्हे, हे जो विद्यार्थी अशा ठिकाणी शिकतो, त्याला महापालिका, रुग्णालये आणि शासनाची खाती यांच्याशी कसे बोलावे हे उमगते. आणि अशी माणसे आपल्याकडे दिवा घेऊन शोधली तरी सापडत नाहीत.

आता दुसरे क्षेत्र, कलाशिक्षणाचे. आपल्याकडे चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्याची वेळ, अशी शाळाशाळांतून समजूत आहे. परदेशी मात्र वस्तुसंग्रहालयांचे शिक्षण-विभाग, वस्त्यांमधील कार्यशाळा, शाळा आणि रुग्णालये यांत या कामाला स्वतंत्र व्यवसायाची प्रतिष्ठा आहे. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित असून मान्यताप्राप्त शिक्षण व नोंदणी यांवाचून ती कोणालाही लावता येत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात व्हिक्टर डी’अमिको याने १९३७ पासून तीन दशके शिक्षण-विभाग चालविला आणि १९४२ साली ‘चिल्ड्रन्स आर्ट कार्निव्हल’ सुरू केला. त्याच्या दाराची रचना पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. तारेच्या वाकणांनी चार वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलाच्या आकृतीएवढीच फट त्या दारात ठेवलेली होती. त्यातून मूल आत जाई, आईबाप बाहेर राहत. आत प्रथम मंद प्रकाशातील, स्पर्शाने आणि हालचालीने चकित करणारी खेळणी, आणि पुढे रंग, कागद, कात्री यांची कार्यशाळा. ‘असे काढ’, ‘तसे रंगव’ म्हणणारे मोठे माणूस तेथे नाही. ज्या मिलानच्या नावाने आज आपल्याकडे कर्जे काढली जातात, त्याच मिलानच्या व्यापारी प्रदर्शनात १९५७ साली हा कार्निव्हल मांडला गेला, पुढच्या वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात गेला, आणि साठच्या दशकाच्या आरंभी भारतालाही भेट म्हणून मिळाला. आपण भेट घेतली; ते दार मात्र आपल्या घरांत बसविले नाही.

पालकांना माझे सांगणे कठोर वाटेल, तरी ते ऐकावे. मुलाचा अर्ज स्वतः भरणारा, त्याच्या हेतुपत्राचा मसुदा पैसे मोजून दुसऱ्याकडून लिहून आणणारा आणि सल्लागारासमोर त्याच्या वतीने ‘आम्हाला प्रॉडक्ट डिझाइन करायचे आहे’ असे अनेकवचनी बोलणारा बाप मुलाचे साहाय्य करीत नाही. तो त्याचा मुखत्यार होऊन बसलेला असतो, आणि मुखत्यारपत्रावर शिक्षण होत नसते. कर्जाचा हप्ता मुलाच्या मानेवर ठेवून त्याला ‘तुला आवडेल ते कर’ म्हणणे हे तर शुद्ध ढोंग आहे. दीड कोटीचे ऋण घेऊन बाहेर पडलेला तरुण वृद्धांसाठी घरे किंवा वस्तीतल्या मुलांसाठी कार्यशाळा योजू शकत नाही. जो जास्त देईल त्याच्याकडे त्याला जावेच लागते. स्वस्त शिक्षण ही या वाटेची पहिली अट आहे, आणि ती अट मोडणारे पालक आपल्या हातांनीच ही वाट बंद करतात.

मग करावे काय? पहिली पदवी येथेच घ्यावी, डिझाइनची, वास्तुशास्त्राची, प्रसंगी समाजकार्याचीही. त्या काळात रोज रेखाटन करावे, आणि एखादे सार्वजनिक ठिकाण निवडून त्याचा नेटाने अभ्यास करावा. जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीपाशी आठवडाभर उभे राहून पाहावे : लुगड्याच्या पदरात कागद गुंडाळून आलेली म्हातारी कोणत्या पाटीपाशी अडखळते, ‘खोली क्रमांक १४’ कोणाला विचारते, शिपाई बोट कुठे दाखवितो, रक्ततपासणीचा कागद कोणत्या टेबलावर हरवतो. मग एक पाटी, एक बाण, एक रंग बदलून त्याच खिडकीपाशी पुन्हा उभे राहावे. हे फसले तरी त्याचे टिपण पोर्टफोलिओत ठेवावे; निवड करणाऱ्या समितीला गुळगुळीत चित्रांपेक्षा असे फसलेले आणि सुधारलेले काम अधिक बोलके वाटते.

त्यानंतर तीनएक वर्षे नोकरी करून चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जावे. ब्रिटनची चीव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांचा, तर अमेरिकेच्या पदव्युत्तर शिक्षणाची फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागते, म्हणजे हा क्रम माझ्या लहरीचा नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात दरवर्षी लक्ष ठेवून पाहावी. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात ते परकी विद्यार्थ्यांना सहामाहीस दीड हजार युरो पडते. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात ‘क्रिएटिव्ह सस्टेनॅबिलिटी’ या नावाचा अभ्यासक्रम आहे, शुल्क आहे पण शिष्यवृत्त्याही आहेत. १९६८ साली हेलसिंकीसमोरील सुओमेनलिन्ना बेटावर सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी खेळण्याशिकण्याची रचना पापानेकने विद्यार्थ्यांसह केली, ती याच देशात.

ही वाट सर्वांची नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. आरंभीचा पगार थोडा, पदोन्नतीची शिडी नाही, नातेवाइकांना समजावून सांगता येईल असे पद नाही, आणि बरीचशी शक्ती परवानग्या, बैठका आणि अनुदानाच्या अर्जांतच खर्ची पडते. ज्याला वस्तूंच्या देखणेपणाचीच ओढ आहे त्याने येऊ नये; दयाबुद्धीने येणाऱ्याने तर मुळीच येऊ नये, कारण गरिबाला दया नको असते, न गळणारे छप्पर हवे असते. अशांनी बाजारासाठी चांगले काम करावे आणि पापानेकची एक सूचना तेवढी मानावी : आपल्या वेळेचा दहावा हिस्सा, ज्याला मोबदला देता येत नाही त्याच्या कामासाठी राखून ठेवावा.

पालकांना शेवटची विनंती एवढीच. या वर्षी तारणाच्या कागदांवर सही करू नका. मुलाला एक वही, एक पेन्सिल आणि रुग्णालयाच्या दारापर्यंतचे एसटीचे भाडे द्या, आणि तो परत आल्यावर काय पाहून आला ते त्याच्या तोंडून ऐका. सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही असेल, तर परदेशाचा विचार पदवी आणि नोकरीनंतर करता येईल. नसेल, तर घर वाचले.