निवळीवर वाढवा सूक्ष्म शेवाळ

हस्ताचा पाऊस ओसरून ऊन लख्ख पडू लागले की सूक्ष्म शेवाळाचा हौद लावावा. पावसाळ्यात ढगाळ हवेने वाढ खुंटते, सरींनी हौद भरून वाहतो. ऑक्टोबरात दोन्ही अडचणी सरतात. गोबरगॅस असलेल्या शेतकऱ्याकडे शेवाळाचे खाद्य घरचेच असते. शेण कुजताना त्यातला बराचसा नत्र अमोनियाच्या रूपात स्लरीत उतरतो आणि क्लोरेलासारखे शेवाळ तो चटकन उचलते.

मात्र स्लरी थेट हौदात ओतू नये.

तिच्या काळपट रंगातून ऊन आत शिरत नाही आणि जादा अमोनिया शेवाळालाच मारतो. स्लरी गोणपाटातून गाळून दोन-तीन दिवस पिंपात न हलवता ठेवावी. चोथा तळाशी बसतो, वर कोऱ्या चहाच्या रंगाची निवळी राहते. चोथा उकिरड्यात टाकावा, निवळी हौदासाठी घ्यावी. पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद हौदात 20 सेंटिमीटर पाणी म्हणजे 2,000 लिटर. त्यात सुरुवातीला 100 लिटर निवळी, 200 लिटर खात्रीचे शेवाळाचे विरजण आणि बाकी विहिरीचे पाणी घ्यावे.

हौद उथळच हवा. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी 1950च्या दशकात सांडपाण्यासाठी अशीच उथळ, सतत फिरत्या पाण्याची तळी विकसित केली. शेवाळ प्राणवायू सोडते, त्यावर जिवाणू घाण कुजवतात. स्पेनमधल्या चिक्लाना गावी तर सांडपाण्यावरच्या शेवाळापासून गाड्यांसाठी गॅस तयार झाला.

घरच्या हौदात लाकडी दाताळ्याने दिवसातून चार-पाच वेळा पाणी ढवळावे. दुपारी शेवाळ पाण्यातला कर्बवायू ओढते, सामू चढतो. तो 9च्या वर गेला की अमोनिया वायू होऊन उडतो आणि शेवाळालाही बाधतो. म्हणून नवी निवळी सकाळीच, थोडी थोडी घालावी. पाणी एकाएकी फिके पडले तर भिंगातून पाहावे. शेवाळ फस्त करणारे बारीक जीव वळवळताना दिसतील. तसे झाल्यास हौद रिकामा करून, धुऊन, वाळवून पुन्हा विरजण लावावे.

क्लोरेलाची पेशी इतकी बारीक की ती कापडात अडकत नाही. त्यामुळे पाणी गर्द हिरवे झाले की चौथा हिस्सा काढून उसाच्या सरीत किंवा फळझाडांच्या आळ्यात सोडावा. ठिबकमधून देऊ नये, तोट्या तुंबतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर ते शिंपडू नये. शेणातले रोगजंतू त्यात उरलेले असू शकतात, म्हणून हे शेवाळ माणसांच्या आहारात अजिबात वापरू नये.