हापूस विकताय? आधी बिल दाखवा!

एप्रिल जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, सीझनपुरता आंब्याचा स्टॉल टाकू का?" टाका की! पण आज मार्जिनवर बोलणार नाही, कारण एका चुकीत सगळं मार्जिन जातं. माझं गेलंय.

पहिल्याच वर्षी मी 'देवगड हापूस' छापलेल्या वीस पेट्या उचलल्या. भाव जरा कमीच होता. हातात कच्ची चिठ्ठी, आणि मी खूश. एका ताईंनी घरी पेटी रिकामी केली, तर तळाला कानडी पेपर! त्या भांडल्या नाहीत, फक्त तो पेपर माझ्या काउंटरवर आणून ठेवला. आता पेपरवरून आंबा कुठला ते ठरत नाही, मान्य. पण तो देवगडचाच आहे हे दाखवायला माझ्याकडे तरी काय होतं? व्यापाऱ्याने हात वर केले. गिऱ्हाइकांचे पैसे मी खिशातून परत केले.

त्या दिवशी अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आले असते तर? २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात माल कोणाकडून घेतला हे विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर जबाबदारी विक्रेत्यावरच येते. मागितलं एक आणि दिलं दुसरं, तर दंड ५ लाखांपर्यंत. फक्त नोंदणीवर चालणाऱ्या आपल्यासारख्या छोट्यांना २५ हजारांपर्यंत. छोटा आकडा वाटतोय? स्टॉलचा महिन्याचा नफा आठवा.

शिवाय २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. खोटं मानांकन लावणं हा वेगळा गुन्हा, त्यात कैदसुद्धा आहे. कर्नाटकचा आंबा वाईट नसतो हो. 'कर्नाटक आंबा' अशी पाटी लावा आणि त्याच्या भावाने विका. मी दोन्ही ठेवतो, दोन्ही खपतात.

म्हणून पक्कं बिल घ्या. त्यावर व्यापाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, मालाचं नाव आणि तारीख हवी. कायद्याने बिल हीच विकणाऱ्याची लेखी हमी धरली जाते. "बिल नाही देत" म्हणणाऱ्याकडून स्वस्तातही घेऊ नका.

कार्बाईडच्या पुडीला तर हातही लावू नका. बंदी आहेच, वर पेट्यांजवळ नुसती सापडली तरी ती तुमच्याविरुद्ध परिस्थितीजन्य पुरावा धरली जाईल, असं एफएसएसएआयने २०२५ मध्ये बजावलंय. गवताची अढी लावा, नाहीतर इथिलीन चेंबरमधून पिकवून घ्या. इथिलीन १०० पीपीएमपर्यंत चालतं. इथेफॉनच्या पाण्यात फळ बुडवणं मात्र चालत नाही.

नासका माल? कुजलेलं फळ कायद्याने 'असुरक्षित अन्न'. "डाग कापून ज्यूसला देऊ" हा विचार सोडा. सकाळी निवडा, वेगळ्या क्रेटवर 'विक्रीसाठी नाही' लिहा आणि संध्याकाळपर्यंत बाहेर काढा.

आणि अधिकारी आले तर घाबरू नका, वादही नको. ते नमुन्याचे पैसे देतात आणि त्याचे चार भाग करतात. एक भाग मान्यताप्राप्त लॅबला पाठवा, असं तुम्ही मागू शकता. तो खर्च तुमचा. रिपोर्ट पटला नाही तर अपील ३० दिवसांत. रिपोर्ट मिळाल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.