लीला राव यांचा विम्बल्डन-विजय

हार केव्हां मानावी? मुंबईंत १९११ सालीं जन्मलेल्या लीला राव यांच्या एका सामन्यावरून आम्हांस याचें उत्तर मिळतें.

१९३४ सालीं विम्बल्डन येथें पहिल्या फेरींत त्यांची गांठ ग्लॅडिस साउथवेल यांच्याशीं पडली. पहिला सेट ४-६ असा गेला. स्त्रियांच्या सामन्यांत तिहींपैकीं दोन सेट जिंकावे लागतात; म्हणजे आणखी एक गमावतां सारेंच संपलें असतें. टायब्रेक तेव्हां नव्हता; दोन गेमांची आघाडी मिळेपर्यंत खेळावेंच लागे. दुसरा सेट अठरा गेम चालला. लीलाबाईंनीं तो १०-८ असा जिंकला, व तिसरा ६-२ असा सहज घेतला! विम्बल्डनवर सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. पुढील फेरींत त्या इदा अदामोफ यांच्याकडून हरल्या. तरी मिळविलेला मान ढळला नाहीं. पुढें त्यांनीं भारतीय नृत्यावर ग्रंथही लिहिले.

त्यांच्या मातोश्री पंडिता क्षमाबाई राव संस्कृत कवयित्री असून स्वतः टेनिस खेळत. मुलीस मैदानावर धाडण्यास कचरणाऱ्या पालकांनीं हें अवश्य ध्यानीं घ्यावें. आणि पहिल्या चाचणींत मागें पडलेल्या मुलामुलींनीं एवढेंच स्मरावें कीं, दुसरा सेट अजून खेळावयाचा आहे.